रिकाम्या सीटचा पट्टा

४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. वहिनी सुखरूप पोचली असेलच. तिची छत्री माझ्याकडे राहिली आहे, ती शोधत बसली असेल तर सांग.

फोनवर तू ओरडतोस आणि मी फोन ठेवून देते, म्हणून हे पत्र. कागदावर तुला मध्येच बोलता येत नाही, ही यातली मोठी सोय.

तुझ्या आज्ञेप्रमाणे वहिनीला आणि ठकीला घेऊन मी त्या पायलट अकादमीच्या सभेला जाऊन आले. (तुझ्या लेकीला आता ठकी म्हटलेलं खपत नाही. पण शाळेच्या दाखल्यावरचं तिचं नाव माझ्या तोंडात बसत नाही, त्याला मी काय करू?) हॉटेलातला हॉल, एवढा गार की अर्धे पालक काखेत हात घालून बसलेले. दारात एक मुलगी गळ्यात रुमाल बांधून प्रत्येकाला पिशवी देत होती. पिशवीत पेन, टोपी आणि एक प्लास्टिकचं विमान. विमानाची शेपटी उलटी बसवलेली. मी दाखवलं तर म्हणाली, "मॅडम, ते फक्त शोसाठी आहे." त्या अख्ख्या संध्याकाळी मी ऐकलेलं खरं वाक्य तेवढं एकच.

मग कोटवाला आला. चकचकीत बूट, चकचकीत केस, दात तर इतके पांढरे की मला तुझी आठवण झाली. म्हणाला, "आम्ही पायलट घडवत नाही, आम्ही कॅप्टन घडवतो." टाळ्या! मी हात वर करून विचारलं, "आपण स्वतः काय उडवलंत?" तो हसला. "मी ॲडमिशन्स बघतो, मॅडम." त्यावरही टाळ्या पडल्या, दादा. तिथल्या पालकांना काहीही सांगितलं असतं तरी त्यांनी टाळ्याच वाजवल्या असत्या. एका बापाने उठून विचारलं, युनिफॉर्म धुवायची सोय आहे का. दुसऱ्याला खांद्यावरच्या पट्ट्या पहिल्या दिवसापासून मिळतात का ते हवं होतं. पोराला वारा कुठून वाहतोय हे कधी कळायला लागेल, असं विचारणारा एक माईचा लाल तिथे नव्हता.

आणि मग तुझं लाडकं प्रकरण आलं. पालकांना दर आठवड्याला अहवाल! पोरगी किती उडाली, किती वाजता जेवली, वसतिगृहात कधी परतली, सगळं तुझ्या फोनवर. वहिनीचा चेहरा असा काही उजळला की मला दुसरीकडे बघावं लागलं. तुला त्या अकादमीतलं काय आवडलंय ते मला तेव्हा कळलं.

तुला पेशंटच्या दातांपलीकडचं फारसं कळत नाही, म्हणून नीट सांगते. विमान कंपनीत पायलट व्हायच्या दोन वाटा आहेत. एक ही अकादमीची. सगळं एका छपराखाली. मुलगी आत ढकलायची, ठरलेल्या मुदतीने तयार बाहेर येते, एखाद्या कंपनीशी बोलणी झालेली असतात, आपण फक्त हार घेऊन उभं राहायचं. दुसरी वाट पायरीपायरीची. मी शिकवते तसल्या लहान फ्लाइंग क्लबात आधी साधा परवाना काढायचा, मग तास भरायचे, परीक्षा द्यायच्या, मग व्यावसायिक परवाना, मग दोन इंजिनांचं विमान, आणि मग आपल्या पायांनी कंपनीच्या दारात जायचं. या वाटेवर हार नसतात. पण प्रत्येक पायरीवर पोरगी स्वतःच्या जिवावर चढलेली असते.

अकादमीतून बाहेर पडलेला एक नमुना मागे माझ्याकडे आला होता. सगळे नियम तोंडपाठ, शर्टाला इस्त्री अशी की कोपर वाकवायला भीत होता. हवेत मी त्याच्या समोरचा नकाशाचा पडदा मुद्दाम बंद केला. तर हा मलाच विचारतो, "मॅडम, आता आपण कुठे आहोत?" म्हटलं, बाळा, खाली बघ. नदी आहे, पूल आहे, पुलावर ट्रक आहे. विमानाला खिडक्या कशाला ठेवल्यात?

ठकीचं उत्तम चाललंय. हात हलका आहे, डोळे बाहेर असतात, डोकं तुझ्यावर गेलेलं नाही. डॉक्टरी तपासणी मी सगळ्यात आधी करून घेतली. बाकी लोक ती शेवटी करतात आणि मग रडत बसतात. एकटीने उडायचं तेवढं राहिलंय, तेही होईल. घाई कसली?

महिनाअखेरपर्यंत त्या कोटवाल्याला होय की नाही कळवायचंय ना? नाही म्हणून कळव. ठकी माझ्याकडे आहे. मी शेजारी बसलेली असताना तिला काय होणार आहे?

तुझी,
धाकटी पण शहाणी बहीण


१३ मार्च

दादा,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, औषधाची चिठ्ठी! अख्ख्या कागदावर एक ओळ: "तिच्याबरोबर लागलेली मुलं एकटी उडाली, ती का नाही?" खाली सही. सहीसुद्धा अशी की कोणत्याही औषधवाल्याने गोळ्या द्याव्यात.

हे तुला वहिनीने सांगितलं असणार, आणि वहिनीला ठकीने. घरात हेर आहेत तर!

का नाही? कारण गेल्या आठवड्यात वारा आडवा होता. त्याआधी चाकात हवा कमी वाटत होती. त्याआधी तिचं रेडिओवरचं बोलणं मला जरा घाईचं वाटलं. आणि सोमवारी ती व्यवस्थित होती, वारा व्यवस्थित होता, चाकं व्यवस्थित होती, पण मला बरं वाटत नव्हतं. झालं समाधान?

नाही, तुझं नाही व्हायचं. तुला पद्धत माहीत नाही, म्हणून आधी ती ऐक. आमच्या विमानात दोन सीटा शेजारीशेजारी. दोघांपुढे विमान हाकायची एकेक स्टिक, दोन्ही आतून जोडलेल्या, म्हणजे एक हलली की दुसरी हलते. शिकणारा चकरा मारतो. उडायचं, मैदानाला वळसा घालायचा, उतरायचं, पुन्हा उडायचं. एक दिवस असा येतो की शिक्षक म्हणतो, बाजूला घेऊन थांब. इंजिन चालूच असतं. शिक्षक पट्टा सोडतो, खाली उतरतो, आणि आपल्या रिकाम्या सीटचा पट्टा नीट बांधतो, कारण तो सुटा राहिला तर वर गेल्यावर स्टिकमध्ये अडकू शकतो. मग दार लावतो आणि चालायला लागतो. आधी सांगायचं नसतं. सांगितलं तर पोरं रात्रभर जागतात.

हे मी किती जणांसाठी केलंय त्याची गणती नाही. उतरायचं, पट्टा बांधायचा, दार लावायचं. त्यांच्या आया कुंपणाशी उभ्या राहून पदर, रुमाल, ओढणी, जे हाताला लागेल ते तोंडाशी धरून रडायच्या, आणि मी चहा पिता पिता त्यांची नक्कल करून ऑफिसातल्या लोकांना हसवायचे. एकीला तर मी तोंडावर म्हटलं होतं, "बाई, तो वर गेलाय, वारला नाही."

आमच्या क्लबात दुसरा शिक्षक आहे, गॉगल. हँगरच्या आत, दिवे लावलेल्या ऑफिसात, वाढदिवसाच्या फोटोत, कायम डोळ्यांवर गॉगल. खिशात खारे दाणे. विमानात टरफलं सांडतो, चाल विसरलेली गाणी गुणगुणतो, आणि चार बऱ्या चकरा झाल्या की विद्यार्थ्याला सोडून इंधनाच्या पंपाच्या सावलीत येऊन बसतो. मी त्याला आळशी म्हणते. त्याच्याही समोर म्हणते. त्याने आणि क्लबाच्या सेक्रेटरीने मला सुरुवातीला सांगून पाहिलं होतं की घरच्या माणसाला स्वतः शिकवायचं नाही, हा इथला जुना दंडक आहे. मी म्हटलं, हा दंडक ज्यांना शिकवता येत नाही त्यांच्यासाठी आहे. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि विषय सोडला. तेव्हा मला वाटलं होतं की मी जिंकले.

तर परवा. आम्ही चकरा मारत होतो. उतरायला आलो तेव्हा ठकी म्हणाली, "आत्या, हात मांडीखाली घे."

मी म्हटलं, "काय?"

"मांडीखाली. दोन्ही. आणि बस त्यांच्यावर."

शिकणाऱ्याने शिक्षकाला असं बोलायचं? पण बसले. आपल्या घराण्यात बायकांना हात कुठे ठेवायचे ते सगळेच सांगत आलेत, त्यात एक ही. जमीन जवळ आली. विमान किंचित तरंगलं, अगदी किंचित, आणि मला कळलंही नाही, माझा हात स्टिकवर होता. विमान छान टेकलं. लोण्यासारखं टेकलं. मला वाटलं, ती खूश होईल.

हँगरशी येताच तिने इंजिन बंद केलं, कानावरचे हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "आजपर्यंतचं एकही लँडिंग माझं नाही."

"काहीतरीच बोलू नकोस," मी म्हटलं.

"तू दरवेळी हात घालतेस. तुला कळतसुद्धा नाही. माझ्या हातात स्टिक आपोआप हलते, आत्या. भुताटकीसारखी. मी बाबांना सांगणारे, मला अकादमीत घाला. तिथे मला कोणी ओळखत नाही. तिथला माणूस उतरेल."

म्हणजे बघ! शेपटी उलटी बसवणाऱ्या लोकांकडे जायचंय बाईसाहेबांना, का, तर तिथला माणूस उतरेल. वीस वर्षांची घोडी, कालपर्यंत माझ्या पाठीवर बसून आवाज काढत होती विमानाचे, ती मला शिकवणार. मी तिला काय काय बोलले ते लिहीत नाही. तिनेही उत्तरं दिली, तीही लिहीत नाही. घरात आता आम्ही एकमेकींशी मिठापुरतं बोलतो.

तू लगेच खूश होऊ नकोस. कोटवाल्याला अजून काही कळवू नकोस. होयही नको आणि नाहीही नको. थांब जरा.

बहीण


२२ मार्च

प्रिय दादा,

ठकी एकटीने उडाली. पत्र उघडताच तुला तेच आधी कळायला हवं, म्हणून वर लिहिलं. सुखरूप उतरली, हात-पाय जागच्या जागी आहेत, रात्री दोन वेळा वाढून घेऊन जेवली. आता बाकीचं सावकाश वाच.

मी उतरवलं नाही तिला. म्हणजे, मी उतरले नाही. हे वाक्य लिहायला मला चार कागद लागले.

मागच्या पत्रानंतर दोन दिवस मी स्वतःशी भांडले आणि तिसऱ्या दिवशी गॉगलकडे गेले. तो ऑफिसात पाय टेबलावर टाकून दाणे खात होता. आयुष्यात कुणाकडे हात पसरले नाहीत, ते या माणसाकडे, या टरफलं सांडणाऱ्या माणसाकडे! मी म्हटलं, "माझ्या भाचीबरोबर दोन चकरा मारून बघता का?" मला वाटलं आता हा बोलून घेईल. घराण्याचा उद्धार होईल, दंडक निघेल, सेक्रेटरीला हाक जाईल. त्याने पाय खाली घेतले आणि म्हणाला, "कधीची वाट बघतोय, मॅडम." बस्स. टोमणासुद्धा मारला नाही, मेल्याने. मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी पंपाजवळ जाऊन उभी राहिले. तिथून सगळी धावपट्टी दिसते. इंधन भरून झालेलं होतं, पण नळी खाली लोळत होती म्हणून मी उचलून हातात धरली. ठकीने एक चक्कर मारली, दुसरी मारली. बरी होती. मग विमान बाजूला येऊन थांबलं, पंखा फिरत असतानाच, आणि दार उघडलं.

दादा, तो उतरला. असा उतरला की जणू बसमधून उतरतोय. आत वाकला, रिकाम्या सीटचा पट्टा बांधला, ओढून पाहिला, दार लावलं, काचेवर टिचकी मारली आणि गवतातून गुणगुणत चालत आला. मी त्याच्या अंगावर धावून गेले. हो, नळीसकट. म्हटलं, "दोनच चकरा! उतरलात कशाला?"

"दाणे ऑफिसात राहिले," तो म्हणाला, आणि पुढे गेला.

तेवढ्यात ती सुटली. माझं वजन तुला माहीत आहे. ते शेजारी नसल्यावर विमान असं वर गेलं की मलाच ते ओळखू येईना. इतके दिवस मी तिला म्हणत होते, चढताना नाक जरा जड वाटतंय का बघ. जड काय होतं ते दिसलंच.

ती वळली, पलीकडून गेली, पुन्हा वळली. तिचा रेडिओवरचा आवाज पंपाच्या खोलीतल्या स्पीकरवर येत होता. शांत होता. घाईबिई काही नव्हती. मग ती उतरायला आली, खाली, खाली, आणि जमिनीला लागायच्या बेताला मी दोन्ही हातांनी ती नळी पोटाशी ओढली. जोरात. माझ्या शर्टाला इंधनाचा वास अजून आहे.

तेव्हा मला माझा हात दिसला. ती पंपापासून एवढी लांब, माझ्या हातात रबराची नळी, आणि मी तिचं विमान उतरवत होते. ती म्हणाली ते खरं होतं. मला कळतसुद्धा नव्हतं.

विमानाने एक टप्पा घेतला. मी असते तर घेऊ दिला नसता. उडी मारल्यासारखं वर आलं, क्षणभर लोंबकळलं, आणि मग कोणीतरी ते धरलं, सावरलं आणि नीट खाली ठेवलं. त्यात कोणीतरी म्हणजे एकच माणूस होतं.

मी रडले. तू हे वहिनीला वाचून दाखवणार, दाखव. पदर नव्हता, ओढणी नव्हती, रुमाल नव्हता, नळी तोंडाशी धरता येत नव्हती, म्हणून तशीच रडले, उघड्या तोंडाने. ज्या बायांची मी नक्कल केली त्या सगळ्या आल्या असत्या आणि चहा पीत बघत उभ्या राहिल्या असत्या, तर मी काही बोलले नसते. ऑफिसातून गॉगल बघत होता. त्याने गॉगल काढला नाही, तेवढे उपकार केले.

ठकी आली. चेहरा लाल, केस चिकटलेले. "पाहिलंस?"

"टप्पा घेतलास," मी म्हटलं. माझ्यासारख्या बायकांना देवाने जीभ कशाला दिली कोण जाणे.

"घेतला," ती म्हणाली. "पण माझा होता." आणि मला मिठी मारली, घामासकट, इंधनासकट.

आता तुझ्या विषयाकडे येते. रात्री मी तिला म्हटलं, तुझ्या मनासारखं कर, अकादमीत जायचं तर जा, मी बापाला समजावते. ती भांडी पुसत होती. म्हणाली, "मला नाही जायचं तिथे. शेपटी उलटी असते त्यांची." मग कशाला म्हणालीस, विचारलं. तर म्हणते, "तू उतरत नव्हतीस म्हणून." तिला इथेच शिकायचंय, पायरीपायरीने. फक्त माझ्याकडे नाही. गॉगलकडे.

"त्या माणसाकडे?" मी ओरडले. "अगं, तो टरफलं सांडतो!"

"तो उतरतो," ती म्हणाली, आणि ताट जागेवर ठेवलं.

मला लागलं, दादा. खोटं कशाला बोलू? एवढी वर्षं मी ज्याला नाक मुरडलं, त्याच्या शेजारी माझी ठकी बसणार आणि मी दुसऱ्यांच्या पोरांना घेऊन फिरणार. पण तिचं बरोबर आहे. आणि त्या माणसाचंही बरोबर आहे, हे मी तुला लिहितेय, त्याला मरेपर्यंत सांगणार नाही.

अकादमीबद्दलचं माझं मत तसूभर बदललेलं नाही. कोटवाला पोकळ आहे, टाळ्या वाजवणारे त्याहून पोकळ. पण तुझ्याबद्दलचं थोडं बदललं. मी तुला मूर्ख समजत होते, की हा चकचकीत बुटांना भुलला. बुटांना भुललेला नाहीस तू. तुला तो दर आठवड्याचा अहवाल हवाय. ती किती वाजता जेवली ते हवंय. मला स्टिक मिळाली होती, तुला फोन मिळणार होता, एवढाच काय तो आपल्या दोघांत फरक. आईच्या पोटची दोन भावंडं आपण, दोघांचे हात सारखेच लांब.

तर पत्र मिळताच त्या कोटवाल्याला नाही म्हणून कळव. अहवाल कोणी पाठवणार नाही. ती आपण होऊन फोन करेल तेव्हा करेल, नाही केला तर दोन दिवस थांबायचं, मला विचारायचं नाही, कारण मीही तिला विचारणार नाहीये. वहिनीला तू समजव. तिची छत्री ठकीबरोबर पाठवते.

मी उतरले, उशिरा, आणि दुसऱ्याच्या हाताने. आता तू उतर. उतरताना मागे वळून तुझ्या सीटचा पट्टा तेवढा बांध, सुटा ठेवू नकोस. तिच्या हातात अडकतो.

पंपाजवळ उभी,
तुझी बहीण